पन्नास डॉलरांची पैज

नवी मोटार घरीं आली म्हणजे ती प्रथम शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवावी, मग देवळापर्यंत न्यावी, आणि नंतर एखाद्या रविवारीं शहराबाहेर दहा-वीस मैल फिरवून आणावी, अशी सर्वसाधारण गृहस्थाची रीत असते. ओळख पटेपर्यंत कोणावर फार भार घालूं नये हें शहाणपण माणसांइतकेंच यंत्रांनाही लागू आहे. परंतु मोटार विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यांत तिच्यांत बसून एक सबंध खंड ओलांडावयास निघालेला एक गृहस्थ अमेरिकेंत होऊन गेला. एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत जाणारा सलग मोटाररस्ता त्या देशांत तेव्हां नव्हता. त्या गृहस्थाला मोटार हांकण्याचा सराव जेमतेम होता, दुरुस्तीचें ज्ञान त्याहूनही कमी होतें. आणि ज्या पैजेसाठीं तो निघाला ती होती अवघी ५० डॉलरांची! त्या प्रवासाची हकीकत गमतीची आहे, यांत शंका नाहीं. पण गमतीखेरीज आणखीही कांहीं तिच्यांत आहे. नवें यंत्र जुन्या जगांत प्रथम येतें तेव्हां तें कोणाच्या आधारानें उभें राहतें, या प्रश्नाचें उत्तर या हकीकतींत मिळतें.

गोष्ट १९०३ सालच्या मे महिन्यांतली. व्हरमाँट संस्थानांतल्या बर्लिंग्टन गांवचे डॉक्टर होरेशिओ नेल्सन जॅक्सन हे पत्नी बर्था हिच्यासह सॅन फ्रान्सिस्को येथें आले होते. वय ३१ वर्षांचें. वैद्यकीचा धंदा त्यांनीं सोडून दिला होता; सासरे पेटंट औषधांच्या व्यापारांत गबर झालेले असल्यामुळें पैशाची ददात नव्हती. तेथील युनिव्हर्सिटी क्लबांत मोटारींच्या गप्पा निघाल्या. मोटार म्हणजे श्रीमंतांचें खेळणें. शहराच्या फरसबंदीवर तिनें मिरवावें. पण सबंध देश ओलांडून जाणें तिच्या हातून कधींच व्हावयाचें नाहीं, असा मंडळींचा सूर होता. डॉक्टरांना तो रुचला नाहीं. नव्वद दिवसांच्या आंत मोटारीनें न्यूयॉर्क गांठून दाखवितों, असें ते बोलून गेले, आणि पैज लागली. चार-पांच दिवसांतच त्यांनीं प्रस्थान ठेवलें.

मंडळींचा सूर अगदींच निराधार नव्हता, हें मान्य केलें पाहिजे. पूर्वेला परत जाणाऱ्या माणसाला आगगाडी चार-पांच दिवसांत सुखानें नेऊन पोहोंचवीत होती; १८६९ सालींच लोहमार्गानें देशाचीं दोन्ही टोकें जोडलीं गेलीं होतीं. सडकेची गोष्ट मात्र निराळी होती. १९०४ सालीं अमेरिकन सरकारनें देशांतल्या सडकांची मोजदाद केली, तेव्हां गांवाबाहेरील सडका वीस लाख मैलांहून अधिक भरल्या. पण त्यांतील दहावा हिस्सासुद्धां खडी, मुरूम किंवा दुसरें कांहीं घालून पक्का केलेला नव्हता. बाकीची सारी माती. पश्चिमेच्या डोंगराळ मुलखांत तर सडक म्हणजे गाड्यांच्या चाकोऱ्या, आणि चाकोऱ्या संपल्या कीं गुरांची वाट. शिवाय क्लीव्हलँडचे प्रसिद्ध मोटारकारखानदार अलेक्झांडर विंटन यांनीं १९०१ सालीं स्वतःच्याच मोटारींतून हा प्रवास करून पाहिला होता, आणि नेव्हाडाच्या वाळूंत चाकें रुतून बसल्यावर नाद सोडून दिला होता. जेथें मोटार बनविणाराच हरला, तेथें मोटार नुकतीच घेणारा काय करणार, असें लोकांनीं म्हटलें तर नवल नव्हतें.

डॉक्टरांनीं दोन गोष्टी शहाणपणाच्या केल्या. पहिली ही कीं, त्यांनीं सोबतीला सेवॉल क्रॉकर नांवाचा तरुण घेतला. हा विशीच्या आरंभींचा मुलगा पूर्वीं सायकलींच्या शर्यती खेळे, आणि पेट्रोलच्या एंजिनांच्या कामांत त्याचा हात चांगला बसला होता. कोणती मोटार घ्यावी हें त्याच्याच सल्ल्यानें ठरलें. ती विंटन कंपनीची, वीस अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची होती. नव्या गाडीचा भाव २५०० डॉलर होता. पण नवी मोटार हातीं येण्यास वेळ लागणार, म्हणून डॉक्टरांनीं थोडी वापरलेली गाडी मालकाला ३००० डॉलर मोजून सोडवून घेतली. गाडीला टप नव्हता, समोर कांच नव्हती. दोघांनीं पुढच्या बैठकीवर बसावें आणि ऊन, पाऊस व धूळ हीं तोंडावर घ्यावीं. एंजिनाची शक्ति साखळीनें मागच्या चाकांना पोहोंचे. अनुकूल रस्त्यावर ती ताशीं सुमारें ३० मैल धांवूं शके. डॉक्टरांनीं तिचें नांव आपल्या संस्थानावरून 'व्हरमाँट' असें ठेवलें.

दुसरी शहाणपणाची गोष्ट मार्गाच्या निवडीची. विंटन यांना गिळणारी नेव्हाडाची वाळू टाळून आधीं सरळ उत्तरेस जावें, ऑरेगॉन संस्थान गांठावें, आणि एकोणिसाव्या शतकांत बैलगाड्यांचे तांडे ज्या वाटेनें पश्चिमेस आले तिच्या अंगाअंगानें उलट पूर्वेकडे वळावें, असा बेत ठरला. त्यामुळें शेंकडों मैलांचा वळसा पडला. एकंदर प्रवास सुमारें ४५०० मैलांचा झाला. आपल्याकडे मुंबईहून कलकत्त्यास जाऊन परत यावें, आणि पुन्हां एकदां तीच फेरी करावी, म्हणजे जवळजवळ एवढें अंतर भरतें.

२३ मे १९०३ रोजीं मोटार निघाली. मागची जागा सामानानें भरलेली. त्यांत बिछाने, घोंगड्या, रबरी अंगरखे, पाण्याच्या पिशव्या, कुऱ्हाड, फावडें, हत्यारें, पेट्रोल व तेल यांचे डबे, बंदुका, एक कॅमेरा, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे कप्पी व दोर. पंधरा मैल होतात न होतात तोंच एक टायर फुटला. जुळणारा एकच जादा टायर सॅन फ्रान्सिस्कोंत मिळाला होता. तो पहिल्याच दिवशीं खर्चीं पडला. एंजिनाचा आवाज असा कीं, मागून स्वयंपाकाचीं भांडीं एकामागून एक रस्त्यावर पडत गेलीं, तरी पुढें बसलेल्यांना त्याचा पत्ता लागला नाहीं. वाट विचारावी तर तेथेंही फसगत. एका बाईनें त्यांना मुद्दाम भलत्याच दिशेला धाडलें, कां, तर तिकडे राहणाऱ्या तिच्या घरच्या माणसांनीं जन्मांत कधीं मोटार पाहिली नव्हती! या कौतुकापायीं १०८ मैलांचा फेरा पडला. दुसऱ्या एकानें आपल्या हद्दींतल्या खडकाळ वाटेवरून जाऊं देण्याबद्दल चार डॉलरांचा कर उकळला. पुढें आणखी टायर फुटले, तेव्हां चाकांना दोर गुंडाळून गाडी चालविली. नव्या टायरांसाठीं सॅन फ्रान्सिस्कोला तार केली, आणि आल्तुरास या गांवीं तीन दिवस वाट पाहिली. टायर आले नाहींत. त्या मुदतींत गांवकऱ्यांना मोटारींतून फिरवून आणावें, असा क्रम चालला. तीन दिवसांनीं पाहुणे तसेच पुढें निघाले.

ऑरेगॉनच्या ओसाड पठारावर मोटार बंद पडली. जवळून जाणाऱ्या एका गुराख्यानें तिला दोर बांधला, आणि घोड्यानें ओढीत जवळच्या मळ्यावर नेऊन सोडली. ज्या घोड्याला मोटार कायमची रजा देणार असें वर्तमानपत्रें लिहीत होतीं, त्याच घोड्याच्या मागून वीस अश्वशक्तीची ही स्वारी मुकाट्यानें चालली! क्रॉकरनें दुरुस्ती केली. पण टाकीला भोंक पडून सारें पेट्रोल गळून गेलेलें. पेट्रोल मिळण्याचें ठिकाण २५ मैलांवर. डॉक्टरांनीं एक सायकल भाड्यानें घेतली आणि क्रॉकरला पाठविलें. वाटेंत सायकलीचाही टायर फुटला. तरी तो चार गॅलन पेट्रोल घेऊन परत आला, आणि त्या चार गॅलनांना जवळजवळ वीस डॉलर पडले होते. त्यानंतर तेल संपलें. तेव्हां डॉक्टर स्वतः मागें टाकलेल्या गांवापर्यंत पायीं जाऊन तेल घेऊन आले. आणि गाडी चालूं झाल्यावर पाहतात तों पुढचें गांव हांकेच्या अंतरावर होतें!

आयडाहो संस्थानांत काल्डवेल गांवाजवळ मंडळींत एकाची भर पडली. डॉक्टरांना वाटेंत सोबतीला कुत्रा हवा होता. तेथें बुलडॉगच्या वळणाचा एक कुत्रा त्यांनीं घेतला. त्याचें नांव बड. क्षारयुक्त धुळीनें त्याचे डोळे सुजूं लागले, तेव्हां माणसांप्रमाणें त्यालाही संरक्षक चष्मा चढविण्यांत आला. हळूहळू बडची तयारी इतकी झाली कीं, पुढच्या खड्ड्याकडे नजर लावून तो अगोदरच अंग सांवरून बसे. वर्तमानपत्रांना दोन माणसांच्या प्रवासांत बातमी दिसत होतीच. चष्मा लावलेल्या कुत्र्याचें छायाचित्र मिळाल्यावर तर गांवोगांव लोक आगाऊ गोळा होऊं लागले.

परंतु प्रसिद्धीनें पोट भरत नाहीं. आयडाहोंत असतांनाच एकदां डॉक्टरांचा कोट गाडींतून खालीं पडला, आणि जवळचे बहुतेक पैसे त्या कोटाच्या खिशांत होते. शोध केला, कोट सांपडला नाहीं. पुढच्या स्टेशनावरून त्यांनीं पत्नीला तार केली, आणि वायोमिंग संस्थानांतील शायेन गांवीं पैसे पाठविण्यास सांगितलें. पैसे शायेनला होते. मंडळी शायेनपासून फार दूर होती. वायोमिंगच्या माळांवर वाट चुकली, आणि सुमारें ३६ तास अन्नावांचून काढावे लागले. शेवटीं एक मेंढपाळ भेटला. त्यानें कोंकराचें भाजलेलें मांस आणि उकडलेला मका त्यांच्यापुढें ठेवला. पैसे घेण्यास तो राजी नव्हता. म्हणून डॉक्टरांनीं त्याला आपली एक बंदूक भेट दिली. पुढें एंजिनाचा दांडा तुटून खालचें आवरण फुटलें, आणि क्लीव्हलँडच्या कारखान्याहून आगगाडीनें सुटे भाग येईपर्यंत मुक्काम करावा लागला. मग एका चाकाचें बेअरिंग निकामी झालें. क्रॉकरनें जवळच्या एका शेतकऱ्याचें गवत कापण्याचें यंत्र पाहिलें. त्यांतलें बेअरिंग आपल्या चाकाला बसेल हें ताडलें. आणि शेतकऱ्याची समजूत घालून तें काढून घेतलें. त्या शेतकऱ्याचें गवत त्या हंगामांत कसें कापलें गेलें, हें इतिहासानें नोंदविलेलें नाहीं.

इकडे मागें स्पर्धा सुरू झाली होती. डॉक्टर निघाल्यानंतर २० जूनला पॅकार्ड कंपनीची मोटार आणि ६ जुलैला ओल्डस्मोबिल कंपनीची मोटार सॅन फ्रान्सिस्कोहून सुटली. या दोन्ही मोटारींच्या पाठीशीं कारखान्यांचा पैसा व व्यवस्था होती. डॉक्टरांच्या पाठीशीं होती ती केवळ स्वतःची पिशवी आणि पत्नीची तार. तरी त्यांची आघाडी टिकली. १२ जुलैला ते ओमाहास पोहोंचले. तेथून पुढें वस्ती दाट, रस्ते बरे, आणि संकटें विरळ झालीं. १७ जुलैला शिकागो आलें. बफेलोच्या पुढें रस्त्यांतल्या एका न दिसलेल्या अडथळ्यावर गाडी आदळून तिघेही बाहेर फेंकले गेले, पण इजा कोणाला झाली नाहीं. २६ जुलैच्या पहांटे साडेचार वाजतां 'व्हरमाँट' न्यूयॉर्क शहरांत शिरली. ६३ दिवस, १२ तास आणि ३० मिनिटें लागलीं होतीं. उत्तर अमेरिकेचें खंड मोटारीनें ओलांडण्याची ही पहिलीच वेळ.

न्यूयॉर्कहून पत्नीसह डॉक्टर घरीं निघाले. बर्लिंग्टन पंधराएक मैलांवर आलें असतां गाडी बिघडली. मदतीला दोन भाऊ आपापल्या मोटारी घेऊन आले, तर त्या दोन्ही मोटारी बंद पडल्या. आणि 'व्हरमाँट'नें दुरुस्त होऊन त्यांना ओढीत घरीं आणलें. स्वतःच्या मोटारखान्याच्या उंबऱ्यावर मात्र तिची साखळी तुटली. ती साखळी सॅन फ्रान्सिस्कोहून निघतांना बसविलेल्या थोड्या मूळ भागांपैकीं एक होती. त्याच वर्षीं पुढें त्याच गांवांत डॉक्टरांना दंडही झाला. गुन्हा असा कीं, त्यांनीं ताशीं ६ मैलांहून अधिक वेगानें मोटार हांकली!

आतां हिशोब पाहूं जातां तो उलटाच दिसतो. सुमारें ८००० डॉलर खर्च झाले. ८०० गॅलनांहून अधिक पेट्रोल लागलें. पैजेचे ५० डॉलर डॉक्टरांनीं कधीं वसूल केले नाहींत. गाडी वाटेंत आगगाडीवर चढविली, किंवा दोन मोटारी वापरल्या, अशा कंड्याही लोकांनीं पिकविल्या. त्या कोणी खऱ्या करून दाखविल्यास १०,००० डॉलर देऊं, असें विंटन कंपनीनें जाहीर केलें, आणि तें बक्षीस घ्यावयास कोणी आला नाहीं. वेग म्हणावा, तर त्याच वर्षीं पॅकार्डच्या मोटारीनें हाच प्रवास किंचित् कमी दिवसांत पुरा केला. मग या प्रवासानें सिद्ध काय झालें?

मोटारीनें घोड्याला आणि आगगाडीला जिंकलें, असें उत्तर त्या वेळीं देण्यांत आलें. श्रोत्यांनीं आतांपर्यंतची हकीकत आठवून पाहावी, म्हणजे हें उत्तर किती अपुरें आहे तें दिसेल. मोटारीचे सुटे भाग आगगाडीनें आणले. पैसे तारेनें आले. पेट्रोल सायकलीवरून आलें. बंद पडलेली गाडी घोड्यानें ओढली. चाक फिरतें ठेवलें तें गवतकापणीच्या यंत्रांतल्या तुकड्यानें, आणि माणसें जगलीं तीं मेंढपाळाच्या अन्नावर. ज्या ज्या जुन्या गोष्टीला मोटार मागें टाकणार असें बोललें जात होतें, तिनें तिनें त्या मोटारीला एकेका मुक्कामापर्यंत पोहोंचविलें. या प्रवासानें मोटारीचें सामर्थ्य सिद्ध झालें, तसेंच तिचें परावलंबनही सिद्ध झालें. आणि त्यांत मोटारीला कमीपणा नाहीं. कोणतेंही नवें साधन प्रथम असेंच जुन्याच्या खांद्यावर बसून येतें. खांदा कोणाचा होता हें तें मागाहून विसरतें, एवढेंच.

सडकांची गोष्ट मात्र डॉक्टरांच्या एका प्रवासानें सुटण्यासारखी नव्हती. १९०९ सालीं ॲलिस रॅम्से या २२ वर्षांच्या तरुणीनें तीन स्त्रियांसह न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटार नेली; हा प्रवास पार पाडणारी ती पहिली स्त्री. तिलाही ५९ दिवस लागले. १९१३ सालीं न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशा 'लिंकन हायवे'ची घोषणा झाली. पण पुष्कळ ठिकाणीं ती सडक नकाशावर पक्की आणि जमिनीवर कच्ची होती. १९१९ सालीं अमेरिकन सैन्यानें आपल्या मोटारींचा मोठा तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोस नेऊन पाहिला. ७ जुलैला निघालेला तो तांडा ६ सप्टेंबरला पोहोंचला. म्हणजे ६२ दिवस! सोळा वर्षांपूर्वीं एक हौशी डॉक्टर, एक कारागीर आणि एक कुत्रा यांना जेवढे दिवस लागले, जवळजवळ तेवढेच सरकारच्या सैन्यालाही लागले. यंत्रें सुधारलीं होतीं; वाट सुधारली नव्हती. त्या तांड्याबरोबर ड्वाइट आयझेनहॉवर नांवाचा एक तरुण लष्करी अधिकारी होता. तो चिखल तो विसरला नाहीं. पुढें राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ सालीं त्यानें ज्या कायद्यावर सही केली, त्यानें ४१,००० मैलांच्या महामार्गांची योजना मंजूर झाली. आज हें खंड मोटारीनें ओलांडण्यास पांच-सहा दिवस पुरतात, आणि वाटेंत मेंढपाळ भेटण्याचें कारण पडत नाहीं.

डॉक्टर जॅक्सन दीर्घायुषी झाले. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं पराक्रम केला, गांवांत वर्तमानपत्र व पेढी चालविली, आणि १९५५ सालीं ते वारले. १९४४ सालीं त्यांनीं आपली मोटार स्मिथ्सोनियन संस्थेला अर्पण केली. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयांत मांडलेली आहे. तेथें डॉक्टर दिसतात, चष्मा लावलेला बडही दिसतो. सेवॉल क्रॉकर मात्र १९१३ सालींच, तिशी गांठतां गांठतां, वारला. प्रवासाला नांव मिळालें तें मोटारीच्या मालकाचें; तें योग्यही आहे, कारण धाडस त्याचें आणि पैसाही त्याचाच. पण सायकलीवरून पेट्रोल आणणारा, तुटलेला दांडा जागेवर बसविणारा, आणि गवताच्या यंत्रांत मोटारीचा भाग ओळखणारा माणूस तो नव्हता. नवी मोटार घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यानें, वाटेंतल्या लहानशा गांवीं टायर बसवून देणाऱ्या कारागिराशीं मजुरीची घासाघीस करण्यापूर्वीं, क्रॉकरची एकदां आठवण करावी.